खांद्यावर ओढतंय? उभा घेर मोजा

छाती-कंबरेचं माप बरोबर असूनही लिओटार्ड (जिम्नॅस्टिक्सचा अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख) खांद्यावर ओढत असेल, तर उभा घेर मोजलात का? खांद्याच्या मध्यापासून पुढून खाली, पायांमधून, पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत टेप फिरवायची. लेकीचा पहिला लिओटार्ड मी हे न मोजताच शिवला. ती मागे झुकली की पट्टा खांद्यात रुतायचा. त्यात नाशकातल्या मेनरोडच्या बाजारातून आणलेलं कापड फक्त आडवंच ताणायचं! चारही बाजूंनी ताणणारंच घ्या, दुकानातच ओढून बघा.

प्रिंटसाठी सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने कापडात रंग उतरवणारी छपाई, तेही पांढऱ्या पॉलिस्टर-लायक्रावर. सुतीवर ते टिकत नाही. साधारण २०० अंश सेल्सिअसला शाईची वाफ होऊन रंग धाग्यात शिरतो. नाशकात क्रिकेटच्या जर्सी छापणारे हे करून देतात, फक्त डिझाइन आपल्या कटिंगच्या तुकड्यांच्या आकारात बसवून द्या, नाहीतर बाजूच्या शिवणीवर फूल अर्धवट तुटतं. उष्णतेने कापड थोडं आटतं, म्हणून आधी छापा, मग कापा. गडद रंग असेल तर ताणल्यावर आतला पांढरा डोकावतो, बसण्याच्या जागी जास्तच.

आणि जाळी लावणार असाल तर छातीपर्यंत अस्तर हवंच, स्पर्धेत धडावर पारदर्शक चालत नाही.