गंगापूर रोड की मखमलाबाद: १६ लाखांचा फरक नेमका कशाचा?

काठावरचा भाडेकरू

आम्ही गेली सहा वर्षे नाशिकमध्ये गंगापूर रोडला, सावरकरनगरच्या बाजूस, भाड्याने राहतो. आता स्वतःचे घर घ्यायचे नक्की झाले आहे आणि शोध दोन घरांवर येऊन थांबला आहे. पहिले घर गंगापूर रोडलाच, १२ वर्षे जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतले वापरायचे क्षेत्र, ७२० चौरस फूट आणि मागणी ६२ लाख. दुसरे नदीपलीकडे मखमलाबादला, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आहे. कार्पेट तेवढेच, मागणी ४६ लाख आणि ताबा दोन वर्षांनी. आसारामबापू पुलावरून दुचाकीने गेल्यास एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत मला दहा मिनिटेही लागत नाहीत.

म्हणजे मधे फक्त गोदावरी आहे आणि ती ओलांडण्याचे १६ लाख वाचतात. माझे मत असे झाले आहे की, हा फरक घराचा नसून पत्त्याचा आहे. लग्नाच्या बोलणीत ‘आम्ही गंगापूर रोडला असतो’ असे सांगता यावे, यासाठी लोक हे पैसे मोजतात. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, पत्नी पंचवटीतील शाळेत शिकवते आणि मुलगी चौथीत आहे. माझा समज चुकीचा असेल तर तो का चुकीचा आहे, हे कृपया आकड्यांनिशी सांगावे. ‘एरिया चांगला आहे’ एवढ्या उत्तराने माझे समाधान होणार नाही.

जुना रहिवासी, सावरकरनगर

आकड्यांनिशीच सांगतो. पहिली गोष्ट, तुमचे १६ लाख हे १६ लाख नाहीतच. महापालिका हद्दीत स्थानिक अधिभारासह मुद्रांक शुल्क ६ टक्के आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार धरली, तर जुना फ्लॅट ६६ लाख २ हजारांना पडतो. त्याला भोगवटा दाखला, म्हणजे इमारत राहण्यास तयार असल्याचा महापालिकेचा दाखला, मिळालेला असल्यामुळे जीएसटी नाही. मखमलाबादच्या घरावर मुद्रांक शुल्काचे २ लाख ७६ हजार, नोंदणीचे ३० हजार आणि त्याशिवाय बांधकाम चालू असल्यामुळे ५ टक्के जीएसटीचे २ लाख ३० हजार लागतील, म्हणजे ते ५१ लाख ३६ हजारांवर जाते. फरक उरला १४ लाख ६६ हजार. ताबा मिळेपर्यंत दोन वर्षे तुम्ही भाडे भरणारच आहात; ते महिन्याला १८ हजार धरल्यास ४ लाख ३२ हजार होतात. आता फरक १० लाख ३४ हजारांवर आला. बँकेने टप्प्याटप्प्याने दिलेल्या रकमेवरचे व्याज मी यात धरलेलेही नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पत्त्याची किंमत खरी की फुगवलेली, हे पाहण्याची साधी कसोटी भाडे ही आहे, कारण विकत घेणारा माणूस उद्याच्या आशेवर पैसे लावतो, भाडेकरू मात्र आजच्या सोयीपुरतेच मोजतो. तुमच्याच मापाचा फ्लॅट मखमलाबादला आज साधारण १२ हजारांना मिळतो, असे मी ऐकतो. म्हणजे भाडेकरू गंगापूर रोडसाठी दीडपट रक्कम देत आहे आणि तुम्हाला विकत घेताना मात्र ६२ भागिले ४६, म्हणजे सुमारे १.३५ पटच द्यावी लागत आहे. तेव्हा महाग नक्की कोणते, याचा पुन्हा विचार करावा.

मळ्यातला

भाड्याची ही कसोटी दिसते तितकी निर्मळ नाही. गंगापूर रोडचे भाडे कोण देतो? केटीएचएम आणि कॉलेज रोडच्या महाविद्यालयांची मुले तिघे-चौघे मिळून एक फ्लॅट घेतात आणि घरमालक एका कुटुंबाऐवजी चार डोक्यांचा हिशेब करतो. चौथीतल्या मुलीच्या आईवडिलांनी विद्यार्थ्यांच्या वर्गणीवर आपल्या घराची किंमत का ठरवावी? शिवाय १२ वर्षांची इमारत आणि कोरी इमारत यांची चौरस फुटाला चौरस फूट अशी तुलनाच चुकते. तुमचे कर्ज फिटेल तेव्हा ती इमारत ३० वर्षांची झालेली असेल. लिफ्ट, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, ड्रेनेज लाइन हे सगळे खर्च मधल्या काळात रांगेने येतात आणि देखभालीच्या मासिक वर्गणीत ते मावत नाहीत.

माझे बालपण मखमलाबादच्या द्राक्षमळ्यांत गेले. गंगापूर रोड म्हणजे गावाबाहेर, तिकडे कोण राहायला जाणार, असे म्हणणारी मोठी माणसे मी पाहिली आहेत. आज तेच वाक्य तिकडचे लोक आमच्याबद्दल बोलतात. पंचवटी तर रामायणाच्या काळापासून आहे म्हणायची, आणि तरीही ‘पलीकडे’ हा शब्द आमच्याच वाट्याला येतो! किंमत वाढायची ती जिथे अजून वाढलेली नाही तिथे.

जुना रहिवासी, सावरकरनगर

वाढेल, हे मलाही मान्य आहे. पण कधी वाढेल? मखमलाबाद आणि हनुमानवाडीच्या शिवारात स्मार्ट सिटीच्या हरितक्षेत्र नगररचना योजनेची केवढी चर्चा झाली, तिला शेतकऱ्यांनी किती विरोध केला आणि त्या काळात एजंटांनी तिच्याच नावावर किती प्लॉट दाखवले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आता पुढच्या सिंहस्थाचे नाव चालले आहे. बारा वर्षांनी एकदा साधू येतात आणि त्यांच्या आधी वर्षभर दलाल येतात. २०१५ च्या सिंहस्थात काही रस्ते खरोखर झाले, हे नाकारत नाही; मात्र न झालेल्या रस्त्याची किंमत आज मोजू नये.

खरेदीखत

दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या आहेत, असे मला वाटते. ‘गंगापूर रोडचा दर’ आणि ‘मखमलाबादचा दर’ अशा वस्तू बाजारात अस्तित्वातच नसतात. असते ती एक इमारत, तिच्यासमोरचा एक रस्ता आणि त्या इमारतीत याआधी झालेले व्यवहार. १ एप्रिल २०२५ पासून नाशिक महापालिका क्षेत्रातील रेडी रेकनर, म्हणजे शासनाने ठरवलेले मिळकतींचे दर, सरासरी ७.३१ टक्क्यांनी वाढले. ही सरासरी नदीच्या दोन्ही काठांची मिळून आहे आणि म्हणूनच तिच्यावरून एकाही काठाचे काही कळत नाही. रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी आहे. करारातील रक्कम आणि शासकीय मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर शुल्क बसते, एवढाच त्याचा तुमच्याशी संबंध; तो काही बाजारभावाचा दाखला नव्हे.

खरा भाव पाहायचा असेल, तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील मोफत शोधात त्या इमारतीचा गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक घालावा आणि गेल्या दोन-तीन वर्षांतील सूची क्रमांक २, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो तो, काढून पाहावा. त्यात क्षेत्रफळ, मोबदला आणि शासकीय मूल्य हे तिन्ही आकडे असतात. विक्रेता ६२ लाख मागतो. पण मागणे म्हणजे भाव नव्हे. शेजारच्या दाराची विक्री कितीला झाली, हे कागदावर मिळत असताना आपण उपनगरांच्या नावांवर वाद घालत बसतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

दुसरा कागद घोषणापत्राचा, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशनचा. नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सोसायटीऐवजी अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या असतात आणि प्रत्येक फ्लॅटमागे जमिनीतील अविभक्त हिस्सा किती टक्के आहे, ते या घोषणापत्रात लिहिलेले असते. इमारत झिजते, जमीन झिजत नाही. चार मजल्यांच्या जुन्या इमारतीत १२ फ्लॅट असतील आणि नव्या इमारतीत तेवढ्याच भूखंडावर ४० असतील, तर ‘जुने’ घर घेणारा माणूस तिपटीहून अधिक जमीन विकत घेत असतो. मळ्यातले यांनी इमारतीचे वय मोजले, पण जमीन मोजली नाही. त्याच वेळी समोरच्या रस्त्याची रुंदीही पाहावी. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत मूळ एफएसआयवर, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात मिळणाऱ्या बांधकामावर, आणखी किती बांधता येईल, हे रस्त्याच्या रुंदीवर ठरते. गल्ली अरुंद असेल, तर पुनर्विकासाच्या गप्पा गंगापूर रोडलाही गप्पाच राहतात.

आणि दोन्ही घरे नदीजवळ आहेत म्हणून सांगतो. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा गोदावरीच्या दोन्ही तीरांवर आखलेल्या आहेत. २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कुठवर आले होते, हे नाशिककराला सांगावे लागत नाही. परंतु आपल्या इमारतीचे पार्किंग त्या रेषेच्या आत आहे की बाहेर, हे विचारणारा ग्राहक मी फार क्वचित पाहिला आहे.

शेवटचा मुद्दा लहान असला तरी पैशांचा आहे. ४५ लाखांपर्यंतच्या आणि मुंबईसारख्या महानगरांबाहेर ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला परवडणारे घर म्हणून जीएसटी १ टक्काच लागतो. तुमचे ७२० चौरस फूट या मर्यादेत बसतात. अडचण फक्त त्या वरच्या एका लाखाची आहे. पार्किंग, विकास आकार अशा नावांनी बिल्डर जे घेतो, तेही ४५ लाखांत धरले जाते, म्हणून सर्व रक्कम एकत्र लिहून मागावी.

मळ्यातला

जमिनीच्या हिश्श्याचा मुद्दा मला मान्य आहे. तरी तो हिस्सा हातात येण्यासाठी इतर कुटुंबांची संमती मिळवावी लागते, हे आपण सोयीस्करपणे सोडून दिलेत. पार्किंगच्या पट्ट्यांवर ज्यांचे एकमत होत नाही, ते इमारत पाडण्यावर करतील?

पंचवटीची सून

मी गंगापूर रोड सोडून चार वर्षांपूर्वी मखमलाबादला आले, म्हणून थोडे अनुभवाचे लिहिते. इथे कोणी रोज रस्त्यात जाणाऱ्या वेळाची किंमत धरलेलीच नाही. धागाकर्त्यांच्या पत्नीला पंचवटीत जायचे आहे. मखमलाबादहून त्यांना एकही पूल ओलांडावा लागणार नाही, उलट आज त्या रोज ओलांडत असतील. धागाकर्त्यांचे मात्र उलट होईल. सातपूरला जाण्यासाठी त्यांना आधी पुलावरून गंगापूर रोडवर उतरून मग बारदान फाट्याकडे वळावे लागेल, आणि सकाळी नऊला त्या रस्त्यावर काय असते, ते त्यांना ठाऊक आहेच. हे घर नेमके कोणाच्या सोयीचे घेतले जात आहे, ते घरात एकदा स्पष्ट बोलून घ्यावे.

मळ्यातले यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही, कारण ‘नवीन’ म्हणजे ‘त्रास नाही’ असे होत नाही. आमच्या इमारतीत पहिले दोन उन्हाळे आम्ही बोअर आणि टँकरवर काढले, आणि टँकरचा खर्च विकत घेतानाच्या कोणत्याही तक्त्यात नव्हता. तुमच्या इमारतीला नळजोडणी मिळाली आहे का, किती इंचाची मिळणार आहे आणि पाणी किती वाजता येते, हे बिल्डरला न विचारता शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला विचारावे. घरपट्टीही बघावी. १ एप्रिल २०१८ पासून नव्याने आकारणी होणाऱ्या मिळकतींचे करयोग्य मूल्य वाढवण्यात आले होते, त्यामुळे जुन्या फ्लॅटची पावती आणि नव्या फ्लॅटची पावती शेजारी ठेवल्यावर माझे डोळे उघडले.

एवढे सगळे असूनही परत जाण्याची माझी इच्छा नाही. संध्याकाळी गॅलरीत वारा येतो, आणि तो फुकट आहे.

काठावरचा भाडेकरू

सर्वांचे आभार. खरेदीखत यांनी सांगितल्याप्रमाणे शोध घेतला. गंगापूर रोडच्या त्याच इमारतीत गेल्या दीड वर्षात त्याच मापाच्या दोन फ्लॅटांचे व्यवहार नोंदलेले आहेत, एक ५५ लाखांचा आणि दुसरा साडेछप्पन्न लाखांचा. ते कागद समोर ठेवल्यावर विक्रेते गृहस्थ काही वेळ गप्प राहिले आणि ‘५७ च्या खाली बोलू नका’ असे म्हणाले. मखमलाबादच्या बिल्डरने पार्किंगसह ४४ लाख ९० हजार लिहून देण्याची तयारी दाखवली आहे. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, नोंदणीवर मात्र ताब्याची तारीख त्याने मला तोंडी सांगितलेल्या तारखेच्या आठ महिने पुढची आहे.

नवा हिशेब असा. गंगापूर रोडचे घर सर्व खर्चासह ६० लाख ७२ हजार आणि मखमलाबादचे १ टक्का जीएसटी धरून सुमारे ४८ लाख ३४ हजार. दोन वर्षांचे भाडे वजा केल्यावर फरक जेमतेम ८ लाख उरतो. ते आठ महिने खरे ठरले तर आणखी १ लाख ४४ हजार कमी. हा सारा पत्त्याचा पैसा आहे, असे मी सुरुवातीला लिहिले होते, ते मागे घेतो. बराचसा भाग मागणी आणि भाव यांतल्या तफावतीचा होता आणि काही भाग करांचा. जुन्या इमारतीचे घोषणापत्र अजून मिळालेले नाही. सचिव गावाला गेले आहेत. पंचवटीची सून यांचा मजकूर पत्नीला वाचून दाखवला तेव्हा, ‘सहा वर्षे पूल मी ओलांडते आहे, हे कोणीतरी लिहिले एकदाचे’ एवढेच ती म्हणाली. सोमवारी सकाळी पावणेनऊला मखमलाबादच्या साइटवरून सातपूरपर्यंत गाडी चालवून पाहणार आहे.

जुना रहिवासी, सावरकरनगर

सोमवारऐवजी शाळा सुरू असतानाचा, पावसाचा एखादा दिवस निवडावा. आणि एक विनंती आहे: व्यवहार ५७ लाखांना झालाच, तर तो आकडा इथे लिहू नये. आमच्या इमारतीत तिघेजण फ्लॅट विकायला काढून बसले आहेत, आणि ते तिघेही ६५ म्हणतात.