मगरीला 'आजी' म्हणावं का?

दांडियाबाजारकर
दादाच्या दोन मुलांना रोज रात्री मी एक गोष्ट रचून सांगते. गोष्टीतली सोनू-मोनू ही भावंडं आपल्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुलावरून शाळेत जातात. पुलाखाली मगरआजी राहते. नाकावर काटक्या ठेवून ती तासन्‌तास बसते, तिला तो मुकुट वाटतो. कमाटीबागेतलं वानर तिला बातम्या सांगतं, त्याही गेल्या आठवड्याच्या. एका कासवाला 'लवकर' हा शब्द ऐकला की राग येतो. मुलं खुदखुदतात.

वहिनीला मात्र हे पटत नाही. ऑगस्ट २०२४च्या पुरात शहरातल्या वस्त्यांमध्ये मगरी शिरल्या होत्या. आमच्या शेजारच्या सोसायटीतूनही एक पकडून नेली. "आणि तू तिला आजी म्हणतेस?" असं ती विचारते. मला वाटतं, गोष्ट थांबवू नये. तुमचं काय मत?

अकोट्याची आई
वहिनीचं बरोबर आहे. त्याच पुरात पाणी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. पाण्यात काहीतरी लांब, काळं तरंगत होतं. माझ्या लेकीने हातातल्या पोळीचा तुकडा तोडून त्याच्याकडे टाकला. "तिला भूक लागली असेल," म्हणाली. तो ओंडका होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. तुमच्या गोष्टी गोड असतात हो, पण आपण मगरीच्या शेजारी राहतो.

वाडीतले आजोबा
अहो, बोलणारा प्राणी म्हणजे मित्रच असतो, हे कुणी ठरवलं? पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रातला मगर माकडाशी गोड बोलतो, पाठीवर बसवून नेतो आणि मध्यात गेल्यावर काळीज मागतो. भोपळ्यातल्या म्हातारीचा वाघही बोलतोच की! पिढ्यान्‌पिढ्या मुलं हे ऐकत आली आहेत. आपल्या कमाटीबागेतलं प्राणिसंग्रहालय तर नदीच्या दोन्ही तीरांवर आहे. बडोद्याच्या मुलाला खरी मगर कशी असते हे सांगावं लागत नाही. गोष्टी बंद करू नका.

अकोट्याची आई
आजोबा, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. पंचतंत्रातला मगर दगा देतो, वाघ खायला टपलेला असतो. इथे ती आजी आहे. माझा आक्षेप बोलण्याला नाहीच, नात्याला आहे. आजी म्हटलं की मूल थेट मांडीवर जातं.

नदीकाठचा
मी मगरी पकडणाऱ्यांबरोबर कधीकधी जातो, म्हणून लिहितो. काटक्यांची गोष्ट खरी आहे, पण तो मुकुट नव्हे! चेन्नईजवळच्या मगर केंद्रात अभ्यासकांनी पाहिलंय: बगळे घरट्यासाठी काटक्या शोधतात त्या दिवसांत मगर तोंडावर काटक्या घेऊन निश्चल पडून राहते. बगळा काटकी उचलायला आला की झडप. ती जबडा उघडा ठेवून बसते तेही हसून नव्हे, अंगातली उष्णता बाहेर टाकायला. आणि हीच मगर अंड्यातून निघालेली पिल्लं दातांत अलगद धरून पाण्यात नेते. हे सगळं गोष्टीत घाला. पण सोनू-मोनूला कठड्याच्या अलीकडूनच बोलू द्या. एकदाही खाली उतरवू नका.

दांडियाबाजारकर
काल तसंच सांगितलं. बगळा मुकुटातली काटकी घ्यायला वाकला आणि मी थांबले. थोरली म्हणाली, "उडाला." धाकटा म्हणाला, "नाही, खाल्ला." मग उशा फेकाफेकी. शेवटी धाकट्याने हळूच विचारलं, "आत्या, कठडा किती उंच आहे?" मी त्याच्या डोक्याच्याही वर हात धरून दाखवला. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती, काही बोलली नाही.

अकोट्याच्या ताई, तुमच्या लेकीची पोळी डोक्यातून जात नाहीये. सोनू-मोनू आता पुलावरून काहीही खाली टाकणार नाहीत. 'आजी' मात्र मी काढणार नाही.

अकोट्याची आई
मी अजूनही म्हणेन, काढा. पण कठड्याचं ऐकून बरं वाटलं. बगळ्याचं पुढे काय झालं, ते लेक विचारतेय.