बाबांच्या पेसमेकरचा डबा बंद ठेवावा का?

मनीषनगरचा_पोट्टा:
बाबा 71 चे, दिवाळीनंतर धंतोलीत पेसमेकर बसवला, सोबत उशाशी ठेवायचा मॉनिटर दिला, तो रात्री डेटा डॉक्टरकडे पाठवते. आता त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर कोणीतरी मेसेज टाकला की पेसमेकर हॅक करून माणूस मारता येते, तेव्हापासून बाबांनी प्लगच काढून ठेवला. काही खरं आहे का यात?

सोल्डरवाला:
अगदीच फेकाफेकी नाही भाऊ. 2008 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शॉक देणाऱ्या डिफिब्रिलेटरची (पेसमेकरसारखंच छातीत बसवायचं मशीन) माहिती रेडिओवरून वाचली अन् शॉकची कमांडही देऊन दाखवली. पण मशीन लॅबमध्ये होती, कोणाच्या छातीत नाही, अन् अँटेना काही सेंटिमीटरवर. डिक चेनी अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष असताना त्याच्या डॉक्टरनं 2007 मध्ये त्याच्या छातीतल्या मशीनचं वायरलेस बंदच करून ठेवलं होतं, पण त्याचे दुश्मन वेगळे ना बाप्पा.
गोची अशी आहे की पासवर्ड लावला अन् पेशंट भलत्याच गावच्या कॅज्युअल्टीत बेशुद्ध पोचला तर तिथला डॉक्टर पासवर्ड कोणाला विचारन? अन् बॅटरी पुरवून पुरवून वापरायची, संपली की परत ऑपरेशन, म्हणून त्यात जड एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणं) टाकणंही परवडत नाही.

ठोके_मोजणारी:
पेसमेकर क्लिनिकमध्ये टेक्निशियन आहे म्हणून सांगते, डबा काढू नका. काढल्यानं पेसमेकर बंद पडत नाही, पण वायर हलली, ठोके बिघडले तर डॉक्टरांना कळायला पुढच्या तपासणीची वाट पाहावी लागते. 2017 मध्ये अमेरिकेत अ‍ॅबॉट कंपनीच्या सुमारे 4,65,000 पेसमेकरसाठी या हॅकिंगच्याच भीतीनं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट निघालं, तोवर कोणाला इजा झाल्याची नोंद नव्हती. ते घरी होत नाही, दवाखान्यात प्रोग्रामर (सेटिंग बदलायचं यंत्र) लावून साधारण 3 मिनिटं लागत, तेवढा वेळ मशीन मिनिटाला 67 ठोक्यांवर चाले. पुढच्या चेकिंगला मॉडेल नंबरचं कार्ड न्या अन् अपडेट आहे का ते विचारा.

सीताबर्डी_एक्सप्रेस:
अन् मेट्रोच्या मेटल डिटेक्टर गेटचं काय? माझे काका ते पाहूनच रिक्षा करतात.

ठोके_मोजणारी:
गेटमधून सरळ चालत जायचं, टेकून उभं नाही राहायचं. कार्ड दाखवलं की हातानं तपासतात.

मनीषनगरचा_पोट्टा:
ताई, बाबांना सगळं वाचून दाखवलं. 67 ऐकून म्हणते, "एवढे तर माझे जिना चढल्यावर पण होत नव्हते." प्लग लावू देऊन राहिले, फक्त त्या सॉकेटवर कूलर आहे अन् तो काढायला आई तयार नाही. एक्स्टेंशन बोर्डवर चालते ना हा डबा?