मदत हवी आहे: फोनवर सगळं होतं, बायकोजवळ होत नाही

नवीन आयडी घेऊन लिहितोय. इथे सहा-सात वर्षं वावरतो आहे, भटकंतीच्या धाग्यांवर लिहितोही, पण हे त्या नावाने लिहायची हिंमत झाली नाही. अ‍ॅडमिनना विषय चालत नसेल तर धागा उडवला तरी तक्रार नाही, फक्त त्याआधी कुणीतरी उत्तर द्या.

वय ३२. पुण्यात नोकरी, आठवड्याआड रात्रपाळी. लग्नाला १४ महिने झाले. ठरवून झालेलं लग्न, पण दोघांनी एकमेकांना मनापासून पसंत केलेलं. बायको मला आवडते, हे आधीच सांगतो. तिच्याशी बोलायला आवडतं, ती हसली की बरं वाटतं, ती माहेरी गेली की घर खायला उठतं. आणि तरीही जवळ गेलो की दोन-चार मिनिटांत सगळं थंड पडतं. सुरुवातीला ताठरता येते, मग मनात विचार येतो की आता जाणार, आणि जातेच. १४ महिन्यांत नीट संबंध आला असं फार तर सात-आठ वेळा. त्यातही मी डोळे मिटून फोनवर पाहिलेलं काहीतरी आठवत होतो. हे लिहिताना लाज वाटते आहे.

एकटा असताना फोन हातात घेतला की काहीच अडचण नाही.

पॉर्नची सवय कॉलेजच्या हॉस्टेलपासूनची. तेव्हा पोरं त्याला बीपी म्हणायची, कुणाच्या तरी हार्डडिस्कवरून कॉपी करून घ्यायची, महिनाभर तेच तेच बघायचं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि प्रमाण सुटलं. गेली काही वर्षं रोज, सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास. एक क्लिप शेवटपर्यंत बघितली असं होत नाही. पंधरा-वीस टॅब उघडायचे, हवा तो भाग गाठायचा, दहा सेकंद बघायचं, पुढची. काल जे चाललं ते आज चालत नाही. जे बघून पूर्वी किळस आली असती तिथपर्यंत पोचलो होतो. लग्नानंतरही थांबलो नाही. ती झोपली की बाथरूममध्ये जायचो, आवाज बंद, गीझरच्या लाल दिव्याच्या उजेडात. परत येऊन तिच्या पाठीला पाठ लावून झोपायचो.

मध्ये मित्राच्या ओळखीने मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ताठरतेची गोळी आणली. पहिल्यांदा उपयोग झाला, दुसऱ्यांदा फक्त डोकं दुखलं आणि तोंड लाल झालं.

ज्यामुळे हा धागा काढला ते सांगतो. गेल्या महिन्यात तिने लक्ष्मी रोडवरून स्वतःसाठी एक गाऊन आणला होता. तिचा स्वभाव बघता तिने तो दुकानात मागितला कसा असेल, याची मला कल्पना आहे. त्या रात्रीही तेच झालं. मी दमलोय म्हणालो. ती काही बोलली नाही. उठून दुसरे कपडे घातले, गाऊनची घडी घातली, कपाटात सगळ्यात खाली ठेवला आणि वर हिवाळ्याचे स्वेटर रचले. मग अंधारात विचारलं, "मी जाड झालेय का रे?"

दुसऱ्या दिवसापासून बघणं बंद केलं. आज २३ दिवस झाले. आणि आता तर इच्छाच गेली आहे, एकट्यानेही काही वाटत नाही. परदेशी चर्चांमध्ये लोक ९० दिवस पाळा म्हणतात, मग मेंदू पूर्ववत होतो म्हणतात. हे खरं आहे का? पॉर्नमुळेच झालंय की मला दुसरा काही आजार आहे? कुठल्या डॉक्टरकडे जायचं? फॅमिली डॉक्टर वडिलांचे मित्र आहेत, तिथे जाऊ शकत नाही. आणि बायकोला सांगायचं का? घरून "गोड बातमी कधी" सुरू झालंय, आणि ते सगळं तिलाच ऐकावं लागतं.

प्रतिसाद: रानवारा

आधी रक्त तपासा. मीही ३८ व्या वर्षी मनाचाच खेळ समजून वर्ष घालवलं. शेवटी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) केलं तर ८ च्या वर. साखर आटोक्यात आल्यावर निम्मा प्रश्न सुटला. आणि ती गोळी पुन्हा अशी आणू नका. हृदयाच्या नायट्रेटच्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर रक्तदाब इतका घसरतो की जीव जाऊ शकतो.

औदुंबर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. धाग्यावर निदान करता येत नाही, पण दिशा सांगतो.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत: सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का? असेल, आणि एकट्याने अडचण येत नव्हती, तर नसा आणि रक्तपुरवठा बहुधा ठीक आहे. तरी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, आणि टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स एकदा बघून घ्या. नैराश्याच्या किंवा केसगळतीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, दोन्हींचा परिणाम होऊ शकतो.

आता पॉर्नबद्दल. याबाबत शास्त्रज्ञांचं एकमत नाही, आणि जे छातीठोक सांगतात त्यांच्यापासून जरा लांब राहा. २०१४ मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी ६४ पुरुषांच्या मेंदूचे एमआरआय काढले. आठवड्याला जास्त तास पॉर्न बघणाऱ्यांच्या मेंदूत, बक्षिसाशी निगडित एका भागात, करड्या द्रव्याचं (ग्रे मॅटरचं) प्रमाण कमी दिसलं. पण बघून बघून ते कमी झालं की मुळात कमी होतं म्हणून ते जास्त बघत होते, हे त्या अभ्यासातून ठरत नाही. नुसते तास मोजले तर ताठरतेशी ठळक संबंध सापडला नाही, असेही अभ्यास आहेत. ९० दिवसांच्या आकड्यालाही ठोस आधार नाही. बंद केल्यावर काही आठवडे इच्छा मंदावल्याचं बरेच जण सांगतात. त्याने घाबरू नका, आणि रोज स्वतःची परीक्षाही घेऊ नका.

माझ्या दवाखान्यात मात्र तुमच्यासारखे पुरुष नेहमी येतात, आणि त्यांच्यात मला दोन गोष्टी एकत्र दिसतात. एक म्हणजे शरीराला लागलेलं वळण. ठरावीक वेग, ठरावीक दाब, दर दहा सेकंदांनी नवीन चेहरा, आणि सगळा ताबा आपल्या अंगठ्यात. खरी बायको पुढे ढकलता येत नाही, तिला तिचा वेळ लागतो, तिचा हात गार असतो, मध्येच तिला हसू येतं. शरीर तिथे गोंधळतं. दुसरी गोष्ट म्हणजे धास्ती. "आता जाणार" हा विचार आला की माणूस जणू अंथरुणातून उठून स्वतःकडे बघत उभा राहतो, आणि धास्तीत ताठरता टिकत नाही. तुमची गोळी दुसऱ्यांदा का लागू पडली नाही, तेही यातच आहे. ती रक्तप्रवाहाला मदत करते, उत्तेजना तुमचीच लागते.

उपाय जुना आहे, मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७० मध्ये मांडलेला. काही आठवडे संभोग चक्क बंद, दोघांनी ठरवून. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास नुसता स्पर्श: पाठ, हात, केस, पाय. आधी गुप्तांग वगळून, मग हळूहळू. परीक्षाच रद्द झाली की नापास व्हायची भीतीही जाते. हे एकट्याने होत नाही, म्हणून बायकोला सांगावंच लागेल.

अजून एक. हस्तमैथुनाने कमजोरी येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये (जानेवारी २०२२ पासून लागू) अनावर लैंगिक वर्तनाचा विकार आहे, पण तो ठरवताना ताबा सुटला आहे का आणि कामधंदा, नाती बिघडली आहेत का, हे महिनोन्‌महिन्यांच्या हिशोबाने बघतात. नुसती नैतिक टोचणी त्याला पुरत नाही. तुम्ही स्वतःला घाण समजत असाल तर ते ओझं आधी उतरवा, कारण त्या लाजेनेच माणूस पुन्हा फोनकडे वळतो.

एमडी मानसोपचार किंवा यूरॉलॉजिस्ट (मूत्ररोगतज्ज्ञ), यांच्यापैकी कुणाहीकडे जा. भिंतीवरच्या जाहिरातीतल्या 'गुप्तरोग' दवाखान्यात जाऊ नका. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, मोफत, मराठीतही बोलतात.

कवडसा

मी तुमच्या बायकोच्या जागी होते. म्हणून लिहितेय, जरा कडक वाटलं तर वाटू दे.

तिने "जाड झालेय का" विचारलं म्हणजे ती कित्येक महिने आरशासमोर उभी आहे. मी तेच करत होते. तोंडाला वास येतो का, रंग सावळा म्हणून का, त्यांचं दुसरीकडे आहे का. डाएट केलं, नवससुद्धा बोलले. नवऱ्याचा फोन चुकून हातात आला तेव्हा मला त्या बायकांचा राग नाही आला. राग याचा आला की माझ्यात काही कमी नाही हे त्याला माहीत होतं, आणि त्याने मला शोधत ठेवलं.

सांगा. बेडरूममध्ये नको, रात्री नको, आणि तसा प्रयत्न फसल्यानंतर तर मुळीच नको. पहिलं वाक्य "तुझा काही दोष नाही" हेच हवं. काय काय बघितलं त्याचा तपशील स्वतःहून देऊ नका, पण तिने विचारलं तर खोटं बोलू नका. ती रडेल, अबोला धरेल. तिला घाई करू नका. "मी आता सोडलंय ना" हे वाक्य पहिल्या दिवशी तोंडातून काढू नका. आणि "गोड बातमी" विचारणाऱ्यांना यापुढे तुम्ही उत्तर द्यायचं. फोन आला की तुम्ही उचला.

आमचं निस्तरायला दीड वर्ष लागलं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. औदुंबर, सकाळची असते, पूर्वीपेक्षा कमी पण असते. वाचून जरा धीर आला.

कवडसा, तुमचा प्रतिसाद चारदा वाचला. रविवारी सकाळी तिला तळजाई टेकडीवर फिरायला नेलं. शेजारी चालताना समोर बघून बोलता येतं, म्हणून. पहिलं वाक्य तुम्ही सांगितलेलंच बोललो. ती थांबली नाही, चालतच राहिली. मी सगळं सांगितलं, बाथरूमचंही. गाडीपर्यंत येईतो एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर चपला काढताना म्हणाली, "म्हणजे माझं काय चुकतंय हे मी चौदा महिने शोधत होते, आणि तुला ठाऊक होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हो म्हणालो.

दोन दिवस ती बाहेरच्या खोलीत झोपली. काल आईचा फोन मी घेतला आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही असं सांगितलं. ते तिने स्वयंपाकघरातून ऐकलं असावं. रात्री विचारलं, डॉक्टरांची वेळ कधीची आहे. शनिवारी साडेअकराची घेतली आहे. येते म्हणाली, पण आधी बाहेर बसेन, आत बोलावलं तर येईन.

औदुंबर, एकच विचारायचं राहिलं. रक्त उपाशीपोटी द्यायचं ना? शुक्रवारी माझी रात्रपाळी आहे, सकाळी सातला सुटतो, तसाच लॅबमध्ये गेलो तर चालेल?

औदुंबर

उपाशीपोटीच, पाणी चालेल. पण जागरणानंतर नको, टेस्टोस्टेरॉन त्याने कमी दिसू शकतं. रात्री नीट झोप झालेली असेल अशा दिवशी सकाळी दहाच्या आत द्या. रिपोर्ट शनिवारपर्यंत आले नाहीत तरी शनिवारची वेळ चुकवू नका.