रात्री दोनला सासऱ्यांची कूस कोणी बदलायची?

वेदवती_कोथरूड : सासरे 82 वर्षांचे. फेब्रुवारीत पॅरॅलिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. दिवसा ब्युरोची मावशी असते, ती आठला जाते. पुढे सगळं माझ्याकडे: दर दोन तासांनी कूस बदला, युरिन बॅग रिकामी करा, पाणीसुद्धा दाट करून चमच्याने पाजा. सकाळी मलाही ऑफिस आहेच. नवरा बिलं भरतो, डॉक्टरांशी बोलतो. परवा म्हणाला, "बाबांना तुझ्या हाताची सवय झालीये." झाली कशी? मीच करत आले म्हणून. माझं म्हणणं, ज्याचे आईबाप त्याने आधी बाह्या सरसावाव्यात. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं. सुनेचं नावही नाही.

पेठेतला_काका : कायद्याची कलमं लावून घरं चालत नाहीत. फ्लॅट सासऱ्यांचाच ना? तिथे राहताना कलम आठवलं नाही! आमच्या आईने आजीचं नऊ वर्षं केलं, हूं की चूं नाही.

वेदवती_कोथरूड : फ्लॅटचे हप्ते आम्ही दोघं भरतोय, काका. आणि तुमच्या आईंना 8.40 ची बस गाठायची असायची का?

सिंहगडरोड_72 : वेदवतीताई, सगळे मुलगे अंग चोरत नाहीत. माझ्या आईचं मीच करतो. पहिल्या दिवशी स्पंज करायला गेलो तर तिने डाव्या हाताने चादर गच्च धरली, म्हणाली, "सुनेला बोलव." बायको चिंचवडला कामावर. शेवटी मी डोळे मिटून हात पुसले आणि तेवढ्यावर थांबलो. पाठीला हात लावू द्यायला तिने तीन आठवडे घेतले. आयांनाच मुलगा नको असतो, त्याचं काय करायचं?

माहेरवाशीण : मला मात्र भलतीच तक्रार आहे. 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. भावाने गोड बोलून माझ्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. आता आई पडली तर फोन मला, "तू जवळच राहतेस." तरी मी जाते. वडिलांकडे साधन नसेल तर लग्न झालेल्या मुलीनेही पोटगी द्यावी, हे सुप्रीम कोर्टाने 1987 सालीच सांगितलंय. त्या खटल्यातली मुलगी कल्याणची डॉक्टर होती. तेव्हा वेदवती, तुमच्या नणंदबाई कुठे आहेत?

वेदवती_कोथरूड : औंधला. रविवारी शहाळं घेऊन येतात.

पेठेतला_काका : शहाळं तरी आणते ना! असो. नवऱ्याला कामाला लावा, पण चार लोकांत धुणी कशाला धुता?

वेदवती_कोथरूड : लावलं, काका. शनिवारची रात्र त्याची ठरली. दोनचा गजर वाजला, त्याने बंद केला, पुन्हा घोरायला लागला. सासऱ्यांनी हाक मारली ती मलाच. मी कोपराने त्याला ढोसलं. उठला. मग आतून आवाज, "अगं, उशी पाठीच्या कुठल्या बाजूला?"