आण्णा म्हणतात पडदा हिसकतोय: जुन्या पीसीवरून टीव्हीवर सिनेमा

शुक्रवारपेठ_ताई
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण दुकानात मला कुणी पूर्ण ऐकूनच घेतलं नाही.

माझे वडील, आण्णा, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका टॉकीजमध्ये ३१ वर्षं प्रोजेक्टर ऑपरेटर होते. आता वय ८२, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. म्हणून दिवाळीत भावाचा जुना पीसी वरच्या खोलीत नेऊन ४३ इंची फुल एचडी टीव्हीला जोडला. (२०१९ च्या पुरात तळमजला बुडाला, तेव्हापासून विजेची एकही वस्तू खाली ठेवत नाही.) पीसीचा प्रोसेसर इंटेल आय३, चौथ्या पिढीचा. ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०, वर कोडी हे सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर टाकलंय. भावाकडे ब्लू-रे डिस्क बऱ्याच आहेत, त्यांच्याच १०८०पी (म्हणजे फुल एचडी) फाइली त्यानं करून दिल्यात.

आम्हा सगळ्यांना चित्र काचेसारखं दिसतं. आण्णा मात्र दहा मिनिटांत उठतात. म्हणतात, "पडदा हिसकतोय. प्रोजेक्टरच्या गेटमध्ये फिल्म नीट बसली नाही की व्हायचं, तसं."

वय झालंय म्हणून मी आधी सोडून दिलं, त्याचं आता वाईट वाटतं. परवा रात्री त्यांच्या शेजारी बसून नुसती एका खांबाकडे बघत राहिले. वाड्यातून कॅमेरा सावकाश आडवा सरकत होता आणि खांब खरंच अडखळत होता.

दुकानातून नव्या पीसीचं ३५ हजारांचं कोटेशन मिळालं. आण्णांसाठी पैसे घालायची तयारी आहे, पण त्यानं हिसका जाणार का? शिवाय भाच्याच्या लग्नाचे मोबाइलवर घेतलेले ४के व्हिडिओ तर थांबत थांबतच चालतात, आवाज पुढं आणि चित्र मागं. दुकानदार म्हणतो, दोन्ही एकच दुखणं आहे.

उचगाव_फाटा
ताई, आधी एचडीएमआय केबल बदलून बघा. स्वस्तातली असली की असं होतंय.

राजारामपुरी_सातवी
केबल नको बदलायला. केबल खराब असली तर चित्रात ठिपके चमकतात किंवा पडदा मध्येच काळा होतो. सरकणारा खांब अडखळत नाही.

ताई, आण्णांना माझा नमस्कार सांगा, त्यांचा डोळा अगदी बरोबर आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. विंडोजनं टीव्ही ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवायला, लावलेला असणार. ६० ला २४ नं भागलं की येतात अडीच, आणि अर्धी फ्रेम काही दाखवता येत नाही. म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, परत दोनदा, असं चालतं. माणसं बोलत बसलेली असताना कळत नाही, कॅमेरा आडवा फिरला की दिसतं. प्रोजेक्टरचं शटर प्रत्येक फ्रेम सारख्याच वेळा दाखवतं, त्यामुळं तिथं ही लंगडी चाल नसते. ज्यांनी ३१ वर्षं ती लय बघितली त्यांना हे खुपणारच.

कोडीत सेटिंग्ज, प्लेअर, व्हिडिओ इथं जा. "अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट" ला "ऑन स्टार्ट / स्टॉप" करा. सिनेमा सुरू होताना टीव्ही दोन सेकंद काळा होईल, घाबरू नका. टीव्हीच्या मेनूत चित्र गुळगुळीत करणारं मोशनचं काही चालू असेल तर तेही बंद करा.

लग्नाच्या व्हिडिओचं दुखणं वेगळं. नवे मोबाइल बऱ्याचदा एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करतात, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या पद्धतीत. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये ते उलगडणारं हार्डवेअर नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि ४के ला तो दमतो. ब्लू-रेच्या फाइली बहुतेक एच.२६४ या जुन्या पद्धतीच्या असतात, त्या तो सहज चालवतो. जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड घातलं तर काम होईल, ३० वॉटचं आहे, वेगळी पॉवर लागत नाही. जीटी ७१० कुणी गळ्यात मारलं तर घेऊ नका, एचईव्हीसी त्याला जमत नाही. पण खरं सांगू का, तुमचा टीव्ही फुल एचडीच आहे. हँडब्रेक हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, व्हिडिओ १०८०पी एच.२६४ मध्ये करून ठेवा. रात्री लावून झोपायचं. मूळ फाइली मात्र पुसू नका.

नव्या पीसीची गरज नाही.

शुक्रवारपेठ_ताई
भाऊ, लग्नाचे व्हिडिओ झाले! पहिले चार सकाळीच बघितले, हळदीचा भाग आण्णांनी दोनदा लावायला सांगितला.

सिनेमाचं मात्र अर्धंच जमलं. तुम्ही सांगितलेला पर्याय कोडीत दिसतच नाही. म्हणून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मीच २४ हर्ट्झ निवडलं. खांब आता सरळ सरकतो. पण आण्णा म्हणतात, अधूनमधून एकच हिसका बसतो. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळावर मोजलं, साधारण चाळीस सेकंदांनी.

राजारामपुरी_सातवी
घड्याळावर मोजलं, वा! ताई, आण्णांनी तर आकडाच काढून दिला. ब्लू-रेवर बहुतेक सिनेमे २४ नसून २३.९७६ फ्रेमचे असतात. टीव्ही पक्क्या २४ वर चालला की दर ४२ सेकंदांच्या आसपास एक फ्रेम जास्तीची दाखवावी लागते. तोच हिसका.

विंडोज परत ६० वर न्या. कोडीच्या सेटिंग्जच्या पानावर डावीकडं खाली दातेरी चाकाची खूण आहे, तिथं "बेसिक" किंवा "स्टँडर्ड" लिहिलेलं असेल. त्यावर दाबत "एक्सपर्ट" पर्यंत जा, मग पर्याय दिसेल. तो चालू केला की कोडी २३.९७६ आपणच निवडेल.

रंकाळा_वारा
मध्येच बोलतोय, माफ करा. तुमच्याकडं संवाद बारीक आणि गाणी मोठी असं होत असेल तर कोडीच्या ऑडिओत चॅनेल २.० (म्हणजे दोन स्पीकर) करा. ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरसाठीचा, आवाज दोनच स्पीकरला जाताना मधल्या चॅनेलमधले संवाद हरवतात. आमच्या आईला ऐकू कमी येतं, तिच्यासाठी हे शोधलं होतं. आणि चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये "जस्ट स्कॅन" किंवा "स्क्रीन फिट" बघा, नाव कंपनीप्रमाणं बदलतं.

शुक्रवारपेठ_ताई
चॅनेल २.० केलं, कडाही कापल्या जात होत्या त्या आता पूर्ण दिसतात. दातेरी चाक सापडलं, पर्याय सुरू केला. काल रात्री आण्णा साडेनऊला बसले ते सिनेमा संपल्यावरच उठले. मध्ये एकदा घड्याळाकडं बघत म्हणाले, दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटं चालायचं, तेवढ्यात पुढचं लावून तयार राहावं लागायचं. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मग मीच विचारत गेले आणि सिनेमा बाजूला राहिला.

आता एकच तक्रार आहे त्यांची, सबटायटल्स फार खाली येतात. वर घेता येतात का?

राजारामपुरी_सातवी
येतात. सेटिंग्ज, प्लेअर, सबटायटल्स इथं "व्हर्टिकल मार्जिन" वाढवा. थोडं थोडं वाढवून आण्णांनाच विचारत जा.