निकोला स्टर्जन : दूरचित्रवाणीवर एक, वृत्तपत्रांत दुसऱ्या?

प्रश्न (वाचक_सातत्य)

स्कॉटलंडच्या अलीकडच्या राजकारणाबद्दल वाचताना एका गोष्टीपाशी मी वारंवार अडतो. २ एप्रिल २०१५ रोजी आयटीव्ही या वाहिनीवर सात पक्षनेत्यांची वादचर्चा झाली आणि त्यानंतर लगेच यूगव्ह या जनमत पाहणी संस्थेने घेतलेल्या पाहणीत २८ टक्के प्रेक्षकांनी स्कॉटलंडचे स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नेत्या आणि तेव्हाच्या प्रथम मंत्री (स्कॉटलंडच्या सरकारच्या प्रमुख) निकोला स्टर्जन यांना पहिली पसंती दिली. ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा असे म्हणणारे नायजेल फराज २० टक्क्यांवर आणि पंतप्रधान कॅमेरन १८ टक्क्यांवर राहिले. ही पाहणी केवळ स्कॉटलंडपुरती नव्हती, ती सगळ्या ब्रिटनची होती. मात्र पुढच्या काही दिवसांतच 'डेली मेल'ने त्यांना पहिल्या पानावर ब्रिटनमधील सर्वांत धोकादायक स्त्री ठरवले. एकाच व्यक्तीची दोन इतकी विसंगत रूपे लोकांसमोर कशी आली? आणि बीबीसी आपल्या पक्षावर अन्याय करते, असे त्यांचे समर्थक म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे? ज्यांनी हा काळ जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १ (क्लाइडकाठ)

त्या वर्षी मी ग्लासगोत राहत होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. ३० एप्रिलला कामानिमित्त सकाळच्या गाडीने लंडनला निघालो, तेव्हा ग्लासगो सेंट्रल स्थानकावरच्या दुकानात 'स्कॉटिश सन'चा गठ्ठा ठेवलेला होता. पहिल्या पानावर विज्ञानकथापटातल्या राजकन्येच्या वेशात, हातात प्रकाशाची तलवार घेतलेल्या स्टर्जनबाई होत्या आणि पत्राने त्यांच्या पक्षाला पाठिंबा जाहीर केला होता. दुपारी लंडनला युस्टन स्थानकावर उतरलो, तर त्याच मालकाच्या 'सन'च्या पहिल्या पानावर तान्ह्या बाळाच्या रूपातले कॅमेरन होते, आणि स्टर्जन यांच्या पक्षाला सत्तेपासून रोखायचे असेल तर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षालाच मत द्या, असा आग्रह होता. मालक एक आणि तारीखही एकच असताना, केवळ वाचक कुठला यावर मजकूर पालटला होता. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला तरी त्या दोन पानांतच मिळाले. लंडनच्या संपादकाला त्यांची ओळख वाचकाला भीती घालण्यापुरतीच हवी होती. स्कॉटलंडमधल्या संपादकाला मात्र आपला वाचक त्यांच्या बाजूने गेला आहे हे स्पष्ट दिसत होते. आठवडाभराने स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६ जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या.

दूरचित्रवाणीवर मात्र मध्ये कोणी संपादक नव्हता. इंग्लंडमधल्या असंख्य लोकांनी त्यांना सलग बोलताना त्या रात्री प्रथमच ऐकले. बाई मूळच्या वकील, त्यातही सामान्यांना कायदेशीर मदत देणाऱ्या केंद्रात काम केलेल्या. त्यामुळे मुद्दा थोडक्यात मांडण्याची सवय त्यांना राजकारणाच्या आधीपासून होती. सरकारी खर्चातील कपातीविरुद्ध त्या इतक्या सरळ बोलल्या की स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याशी काडीचा संबंध नसलेल्या प्रेक्षकालाही ते आपल्याबद्दलचे बोलणे वाटले.

प्रतिसाद २ (नियमनिष्ठ)

वरील निरीक्षण मोलाचे आहे, परंतु वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांना एकाच मापाने मोजता येत नाही. ब्रिटनमध्ये वृत्तपत्राला उघडपणे एका पक्षाची बाजू घेता येते. प्रसारकाला निःपक्षपाताचे बंधन असते. तरीही त्या मंचावर उभे राहण्याचा हक्क स्टर्जन यांच्या पक्षाला सहजासहजी मिळालेला नाही. २०१० च्या निवडणुकीत तीन मोठ्या पक्षांचे नेते ब्राउन, कॅमेरन आणि क्लेग या तिघांच्याच चर्चा झाल्या. त्याविरुद्ध पक्ष एडिनबरोच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात, गेला आणि हरला. २०१९ मध्ये पंतप्रधान जॉन्सन आणि विरोधी पक्षनेते कॉर्बिन यांच्या आयटीव्हीवरील चर्चेतून वगळल्याबद्दल त्यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात दाद मागितली, तिथेही यश आले नाही.

बीबीसीबद्दलची तक्रार मुख्यतः स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावे का यावरच्या २०१४ च्या सार्वमताच्या वेळची आहे. ११ सप्टेंबरला एडिनबरोतल्या पत्रकार परिषदेत बीबीसीचे राजकीय संपादक निक रॉबिन्सन यांनी तेव्हाचे प्रथम मंत्री आणि स्टर्जन यांच्या पक्षाचे नेते ॲलेक्स सॅमंड यांना, स्वातंत्र्य मिळाल्यास रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या संभाव्य स्थलांतराबद्दल विचारले. सॅमंड यांनी त्यावर बराच वेळ उत्तर दिले, दोघांची खडाजंगीही झाली. रात्रीच्या बातमीत मात्र त्यांनी उत्तर दिले नाही, असे सांगण्यात आले. ती संपूर्ण परिषद इंटरनेटवर उपलब्ध असल्यामुळे लोकांना दोन्ही शेजारी ठेवून पाहता आले, आणि त्या रविवारी ग्लासगोतील बीबीसीच्या कार्यालयासमोर मोठा जमाव निदर्शनांसाठी जमला. आपली ती शब्दयोजना चुकली, हे रॉबिन्सन यांनी नंतर मान्य केले. माझ्या मते तो कट नव्हता. परंतु माणसाने दिलेले उत्तर दिलेच नाही असे म्हणणे ही वार्तांकनातील गंभीर चूकच आहे आणि मतदानाला आठवडा उरला असताना तिचे वजन कितीतरी वाढते.

प्रतिसाद ३ (मृणाल_क)

स्त्री राजकारणी म्हणून त्यांना जे सोसावे लागले, ते कोणीच लिहिलेले नाही म्हणून लिहिते. २७ मार्च २०१७ रोजी पंतप्रधान थेरेसा मे आणि स्टर्जन यांची ग्लासगोत भेट झाली. दोन दिवसांनी युरोपीय संघ सोडण्याची औपचारिक सूचना दिली जाणार होती, आणि दुसऱ्याच दिवशी स्कॉटिश संसदेत नव्या सार्वमताच्या मागणीवर मतदान होते. तो ठराव ६९ विरुद्ध ५९ मतांनी मंजूर झाला. त्या मतदानाच्या दिवशी सकाळी 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर शेजारी बसलेल्या या दोघींचे छायाचित्र होते आणि दोघींपैकी कोणाचे पाय अधिक देखणे, असा मथळा होता. दोन सरकारांच्या प्रमुख असलेल्या स्त्रिया देशाच्या भवितव्यावर बोलायला बसल्या होत्या, आणि वाचकाची नजर त्यांच्या गुडघ्यांकडे वळवली गेली. याचा मला आजही संताप येतो, आणि तो पक्षनिरपेक्ष आहे, कारण मे यांचाही तितकाच अपमान झाला.

प्रतिसाद ४ (उत्तरवारा)

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. करोनाच्या साथीत स्टर्जन यांची दैनंदिन पत्रकार परिषद बीबीसी स्कॉटलंडवरून थेट दाखवली जात असे, आणि निवडणूक जवळ येत असताना सत्तारूढ नेत्याला रोज इतका वेळ मिळावा का, हा विरोधी पक्षांचा आक्षेप मला रास्त वाटतो. सप्टेंबर २०२० मध्ये बीबीसीने यापुढे बातमीमूल्य पाहून ठरवू असे जाहीर केले, तेव्हा टीका उलट दिशेने आली; माहितीसाठी टीव्हीवरच विसंबून असलेल्या वृद्धांनी काय करायचे, असे विचारले गेले. तोही प्रश्न खोटा नव्हता.

प्रथम मंत्रिपद सोडल्यावर जुलै २०२४ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीच्या मतमोजणीच्या रात्री त्या आयटीव्हीच्या स्टुडिओत भाष्यकार म्हणून बसल्या होत्या, शेजारी जॉर्ज ऑस्बर्न आणि एड बॉल्स हे दोन माजी मंत्री. त्यांचा पक्ष ९ जागांवर घसरत होता आणि त्याची कारणे त्यांनाच समजावून सांगावी लागत होती. मी ते प्रक्षेपण पाहिले. उत्तर देताना त्या प्रत्येक वेळी आधी क्षणभर थांबत होत्या.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (वाचक_सातत्य)

सर्वांचे मनापासून आभार. सन २०१४ ची ती पत्रकार परिषद मी आजवर केवळ बातमीतल्या तुकड्यातूनच पाहिली होती. या शनिवारी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहणार आहे, त्यानंतर रॉबिन्सन यांची रात्रीची बातमी पाहीन, आणि काय आढळले ते येथेच लिहीन.